चूकभूल द्यावी घ्यावी

वाण्याच्या यादीखाली, शिंप्याच्या पावतीवर आणि लग्नातल्या जेवणाच्या अंदाजपत्रकाच्या अगदी तळाशी 'चू. भू. द्या. घ्या.' असे लिहिलेले असते. मराठी भाषेतला हा सर्वांत आखूड माफीनामा आहे असा सर्वत्र समज आहे. आपण मराठी माणसे एरवी माफी मागण्याच्या बाबतीत फारशी उधळी नाही. त्यामुळे ती छापूनच ठेवलेली बरी. लग्नपत्रिकेत नजरचुकीने राहिलेल्यांची माफी आधीच छापलेली असते, आणि हौशी गवई पेटी उघडण्यापूर्वीच "सांभाळून घ्या" म्हणतो. पुढे तो गाऊ लागला की आपण त्याला सांभाळूनच घेत असतो. तो मात्र आपल्याला सांभाळत नाही.

तर प्रश्न असा, की हे सांभाळून घेणे हा खरोखर सद्गुण आहे का? दुसऱ्याची चूक न बोलता पोटात घालणारा माणूस थोर, की ती तोंडावर सांगणारा? हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात सुटण्यासारखा नाही, कारण तिथे तो परीक्षेला येतो आणि मग मुले त्यावर गाइड वाचतात. आमच्या सोसायटीत मात्र तो सुटता सुटता राहिला, आणि तोही एका अक्षरामुळे. हे अक्षर दिसत नाही, उच्चारता येत नाही, कागदावर छापले तर शाईसुद्धा खर्च होत नाही. तरीही त्याने एका संध्याकाळी पंधरा सज्जन कुटुंबांना थकबाकीदार ठरवले.

आधी पात्रपरिचय करून देतो. सोसायटीच्या ऑफिसात एक संगणक आहे. त्यावर विंडोज आहे, म्हणजे घर विंडोजचे. माझ्या भाच्याने त्यात युनिक्सची अवजारे आणून बसवली. युनिक्स हे १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी जन्माला घातलेले कुळ. त्या कुळातली अवजारे लहान, एकमार्गी आणि विलक्षण मितभाषी. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. काम फत्ते झाले तर अवजार एक अक्षर बोलत नाही. बोलले तर समजावे की काहीतरी बिघडले. आमच्या वडिलांच्या पिढीतले पुरुष असेच होते.

ही अवजारे विंडोजच्या घरात नांदावीत म्हणून १९९५ साली सिग्नस नावाच्या कंपनीतल्या स्टीव्ह चेंबरलेन या अभियंत्याने सिगविन सुरू केले. (लॅटिनमध्ये सिग्नस म्हणजे हंस. पुढे या गोष्टीत नीरक्षीर निवडण्याचा प्रसंग येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.) २०१६ साली विंडोजने स्वतःच लिनक्ससाठी घरात एक खोली काढून दिली. पण भाच्याला जुने सिगविनच आवडते. सिगविन म्हणजे शुद्ध घरजावई. राहायचे सासऱ्याच्या घरात, पण चालीरीती आपल्या गावच्या. सासरे ज्या कपाटाला 'सी' म्हणतात त्याला जावई 'सायगड्राइव्ह सी' म्हणतो. वाटेतल्या पायऱ्या दाखवणारी तिरकी रेघ सासरेबुवांची एका अंगाला झुकते, जावयाची दुसऱ्या. तरी इतकी वर्षे दोघे एका ताटात नसले तरी एका पंगतीत जेवत आहेत.

आता प्रसंग. सोसायटीच्या ए आणि बी अशा दोन विंग. प्रत्येकीत सोळा बिऱ्हाडे. ए विंगची यादी भाच्याने युनिक्सच्या लेखणीने लिहिली. बी विंगची सेक्रेटरीसाहेबांनी त्याच यंत्रावर, विंडोजच्या लेखणीने. प्रत्येक ओळीत फ्लॅटचा नंबर, मालकाचे नाव, आणि शेवटी वर्गणी भरली का याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही'. भाच्याने दोन्ही याद्या एकाखाली एक जोडल्या आणि आज्ञांचे एक टाचण लिहिले. एकेक ओळ वाच. शेवटी 'हो' असेल तर पुढे जा. नाहीतर नोटीस छाप. टाचण चालले. मितभाषी अवजारे काही बोलली नाहीत, म्हणजे सगळे ठीक. वॉचमनने नोटिसा वाटल्या.

ए विंगमध्ये दोन नोटिसा गेल्या. ते दोघे दरवर्षीचेच. बी विंगमध्ये पंधरा गेल्या.

त्या पंधरांपैकी दोघे खरेच थकबाकीदार होते. त्यांचा आनंद वर्णावा असा होता. इतके प्रतिष्ठित सोबती त्यांना आयुष्यात लाभले नव्हते. उरलेले तेरा जण जिन्यात उभे राहून ओरडत होते. आमच्या दोन विंगांत पाण्याच्या टाकीवरून जुने वैर आहे, त्यामुळे हा ए विंगचा कट आहे हे पहिल्या पाच मिनिटांतच सिद्ध झाले. सहाव्या मिनिटाला कुणाच्या तरी लक्षात आले, की बी विंगमधल्या सोळापैकी फक्त एकाच घरी नोटीस आलेली नाही, आणि ते घर खुद्द सेक्रेटरीसाहेबांचे आहे! मग कट ए विंगचा राहिला नाही. सेक्रेटरीसाहेबांनी वर्गणी भरलेली होती, पावती होती. पण गर्दीला पावती दाखवणे आणि बैलाला वर्तमानपत्र दाखवणे सारखेच.

या सगळ्या गोंधळात दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा मात्र एक शब्द बोलले नाहीत. अण्णा ब्याऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षे एका कचेरीत हिशेबनीस होते. ते खाली आले ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. त्यात त्यांनी सोसायटीच्या स्थापनेपासूनच्या पावत्या वर्षवार, दोऱ्याने बांधून ठेवलेल्या. डबा त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मला कुणाची माफी नको. चूक कुठे झाली तेवढं दाखवा." त्यांचा हात थरथरत होता. माणसाने उभ्या आयुष्यात कुणाचा रुपया ठेवलेला नसला, की 'थकबाकीदार' हा शब्द त्याला आपल्यासारखा नुसता वाचता येत नाही.

भाचा यंत्रापुढे बसला. मी मागे उभा राहिलो. तज्ज्ञाच्या मागे उभे राहून मान हलवणे हे माझे खास क्षेत्र आहे. त्याने अण्णांची ओळ पडद्यावर काढली. शेवटी स्वच्छ 'हो' होते. यंत्राला विचारले, हा 'हो' आहे का? यंत्र म्हणाले, नाही.

"मामा, हा 'हो' हो नाहीये," भाचा म्हणाला.

मी म्हटले, "बरोबर आहे. तुझ्या मामीच्या 'हो'च्या मागेही न दिसणारं काहीतरी असतं."

त्याने माझ्याकडे वळून पाहिले. त्याला त्यात विनोद दिसला नाही; सुगावा दिसला. त्याने यंत्राला सांगितले, तो 'हो' चौकटी कंसात घालून दाखव. आणि चमत्कार झाला. पाठीमागे येणारा बंद कंस पुढे येऊन उघड्या कंसाच्या डोक्यावर बसला. आधी बंद कंस, मग 'हो', आणि मागे काहीच नाही. 'हो'च्या मागे कुणीतरी दडले होते, आणि ते कर्सरला मानगुटीला धरून ओळीच्या सुरुवातीला नेत होते. या गुन्हेगाराची खुबीच ही, की पुष्कळदा तक्रारीचा मजकूरही त्याच्यामुळेच उलट फिरतो आणि आपल्याच पहिल्या शब्दांवर जाऊन बसतो. चोराने चौकीत जाऊन फिर्यादीतले स्वतःचे नाव पुसून यावे तसे.

मग भाच्याने हंसाला बोलावले. युनिक्समध्ये 'ओडी' नावाचे दोन अक्षरी अवजार आहे. ते मजकूर वाचत नाही, मोजते. प्रत्येक अक्षराच्या पोटातले बाइट एकेक करून पंगतीत बसवते. ए विंगचा 'हो' निघाला सहा बाइटांचा. बी विंगचा 'हो' सात बाइटांचा. सातवा बाइट म्हणजे कॅरेज रिटर्न, अनुक्रमांक तेरा. बी विंगचे तीनतेरा वाजवणाऱ्याचा नंबरच तेरा निघावा, यावर सोसायटीतल्या ज्योतिषप्रेमी मंडळींनी नंतर बरेच भाष्य केले.

हा तेरा नंबरवाला आला कुठून? त्याची कुळकथा मोठी आहे. जुना टाइपरायटर ज्यांनी बडवला आहे त्यांना तो डाव्या हाताचा दांडा आठवत असेल. 'ठिंग' झाले की दांडा ओढायचा. गाडी मागे जायची आणि कागद एक ओळ वर सरकायचा. एका हिसक्यात दोन कामे. १९६३ साली मॉडेल ३३ नावाचे टेलिटाइप यंत्र आले, त्यात ही दोन कामे दोन वेगळ्या अक्षरांना वाटून दिली होती. तेरा नंबरचे अक्षर गाडी मागे नेणार, दहा नंबरचे, म्हणजे लाइन फीड, कागद सरकवणार. हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापायचे, आणि जड गाडीला उजव्या टोकापासून डावीकडे पोचायला एका अक्षराहून जास्त वेळ लागे. म्हणून आधी तिला हाकलायचे, आणि ती पळत असताना कागद सरकवायचा. यात कुठेही आचरटपणा नाही. उलट स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला हे शहाणपण समजेल: कुकर लावून मग कोशिंबीर.

पुढे युनिक्सवाले म्हणाले, गाडी आणि कागद ही छापखान्याची भानगड आहे. मजकुरात ओळ संपल्याची खूण एक पुरे. त्यांनी दहा नंबर ठेवला, तेरा नंबर काढून टाकला. दुसरीकडे सीपीएम, १९८१ सालचे डॉस आणि मग विंडोज या घराण्याने दोन्ही अक्षरे वाडवडिलांच्या टाकांप्रमाणे सांभाळली. जुन्या मॅकिंटॉशने तर फक्त तेरा ठेवून दहा काढला होता. २००१ साली युनिक्सच्या कुळातली नवी गादी आली तेव्हा तोही दहावर आला. थोडक्यात, गाडी गेली, कागद गेला, 'ठिंग' गेले, पण बी विंगमध्ये सेक्रेटरीसाहेब दर 'हो' नंतर एंटर दाबत होते तेव्हा एक अदृश्य गाडी धडधडत मागे जात होती.

आणि सेक्रेटरीसाहेबांना नोटीस का नाही? विनयामुळे. त्यांनी स्वतःचे नाव यादीत सर्वांत शेवटी घातले, आणि पुढे लिहायचे काही नाही म्हणून त्यानंतर एंटर दाबले नाही. युनिक्सच्या शास्त्राप्रमाणे जिच्या शेवटी खूण नाही ती ओळ पूर्णच झालेली नसते. भाच्याच्या टाचणाने ती अपुरी ओळ हातात घेतली, आणि बाजूला ठेवून दुकान बंद केले. साहेबांनी वर्गणी भरली नसती तरी त्यांना नोटीस गेली नसती. बरे वागणाऱ्याला फळ मिळते ते असे चुकीच्या खात्यातून.

आता, वाचकहो, न्याय करा. सेक्रेटरीसाहेबांनी खरे तेच लिहिले. विंडोजने कुळाचार पाळला. सिगविनने आपला पाळला. जी फाइल जशी दिली तशी, एक बाइट इकडेतिकडे न करता वाचली. भाच्याच्या टाचणाने सांगितले तेवढेच केले. सगळे प्रामाणिक, आणि थकबाकीदार अण्णा! हेगेल नावाचा जर्मन तत्त्वज्ञ शोकांतिकेबद्दल असेच काहीसे म्हणून गेला. खरी शोकांतिका बरोबर आणि चूक यांच्यात होत नाही, दोन बरोबरांच्या टकरीत होते. त्याच्यापुढे सॉफक्लिसची अँटिगनी होती. आमची सोसायटी त्याने पाहिली नव्हती, नाहीतर त्याला इतके जाड ग्रंथ लिहावे लागले नसते.

रात्री सभा भरली. भाच्याने फळ्यावर सहा आणि सात बाइट काढून दाखवले. सभेला त्यातले इतकेच कळले, की दोष कुणाचाच नाही. आणि दोष कुणाचाच नाही म्हटल्यावर सभा एकदम प्रेमळ झाली. "झालं ते झालं." "मशीन आहे, चालायचंच." "सांभाळून घ्यायचं आपण." कुणीतरी चहा सांगितला. गंमत पाहा. दोषी सापडला असता तर त्याने तेरा घरी जाऊन माफी मागितली असती. सगळेच निर्दोष निघाल्यामुळे कुणीच कुठे जायला नको! निर्दोषपणाइतकी आळशी जागा जगात दुसरी नसेल.

सांभाळून घेण्याला संगणकाच्या जगात मोठा आधार आहे, हे मी सभेत सांगितले. जॉन पोस्टेल नावाचे गृहस्थ होते. यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे नियम लिहिणाऱ्यांतले थोर. १९८० साली त्यांनी एक तत्त्व घालून दिले. त्याचा भावार्थ असा: आपण पाठवताना काटेकोर असावे, दुसऱ्याचे घेताना उदार. 'द्या'ला शिस्त, 'घ्या'ला माया! भाच्याने टाचणात एक ओळ वाढवायची, की आलेला प्रत्येक तेरा नंबर गुपचूप पुसून टाक. त्यासाठी आयते अवजारही आहे, डॉस-टू-युनिक्स नावाचे. आणि उदारपणा उशिरा का होईना येतो. विंडोजमधले नोटपॅड १९८५ पासूनचे. नुसत्या दहा नंबरच्या ओळी पाहिल्या की ते सगळा मजकूर एका रांगेत दाटून बसवायचे. २०१८ साली, तेहतीस वर्षांनी, त्याने जावयाची रीत समजून घेतली. काही घरांत यापेक्षा जास्त वेळ लागतो.

टाळ्या पडल्या. पण भाचा म्हणाला, "मामा, त्या तत्त्वावर आता तक्रार आहे. २०२३ साली इंटरनेटच्या नियमावलीत ९४१३ नंबरचा एक दस्तऐवज निघालाय. त्यात म्हटलंय, की चुका मुकाट्यानं पोटात घालत गेलं तर पाठवणाऱ्याला त्या कधी कळतच नाहीत. त्या तशाच रुळतात. मग नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला त्या चुकांसकट शिकावं लागतं."

मला हे पटण्याजोगे वाटले. आमच्याकडच्या निम्म्या संसारांचा हाच इतिहास आहे. सासूबाईंनी तीस वर्षे सांभाळून घेतलेले असते, पण हे सुनेला एकतिसाव्या वर्षी, तेही पाहुण्यांसमोर कळते.

तेव्हा अण्णा बोलले. ते म्हणाले, "तुम्ही सगळे 'चूकभूल द्यावी घ्यावी'चा अर्थ माफी असा लावता. ती माफी नव्हे हो, ती हिशेबाची रीत आहे. आमच्याकडून तुम्हाला कमी आलं असेल तर ते मागून घ्या, जास्त आलं असेल तर परत द्या. म्हणजे वही उघडी आहे, चूक घेऊन या, आपण बसून जुळवू. चूक पोटात घातली तर वही जुळत नाही. कुणावर टाकली तरी जुळत नाही. ती दोघांनी मिळून वहीत लिहावी लागते."

चहा आला होता, पण कुणी कप उचलला नाही.

मला वाटते, प्रश्नाचे उत्तर इथेच कुठेतरी आहे. दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गाडी आणि कागदासारख्या. दांडा एकच असल्यामुळे आपण त्या एक समजतो. दोष मागे पाहतो, कुणी केले ते शोधतो. जबाबदारी पुढची ओळ लिहायला घेते. दोष कुणाचाच नसला तरी जबाबदारी कुणाची तरी असतेच. जिथे दोन घरच्या रीती भेटतात त्या उंबरठ्यावर जो उभा असेल त्याची. आणि नुसते सांभाळून घेणे पुरत नाही. सांभाळूनही घ्यावे आणि सांगावेही, ओरडून नव्हे पण ऐकू जाईल असे.

भाच्याने टाचणात तीन सुधारणा केल्या. पहिली, शेवटची ओळ अपुरी असली तरी तिला पानावर घेणे. दुसरी, तेरा नंबर दिसला तर काढणे, पण किती ओळींतून काढला ते पडद्यावर लिहून कळवणे. युनिक्सच्या मौनव्रतात हे बसत नाही, पण व्रतसुद्धा माणूस पाहून सोडावे लागते. तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पूर्वी जे 'हो' नाही ते सगळे 'नाही' धरले जात होते. आता 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही अशा उत्तराला नोटीस जात नाही. ते एका वेगळ्या यादीत जाते. त्या यादीचे नाव त्याने ठेवले आहे, 'जाऊन विचारा'.

दुसऱ्या दिवशी तो आणि सेक्रेटरीसाहेब दोघे मिळून तेरा घरी जाऊन आले. कुणीच माफी मागितली नाही. सहा आणि सात बाइटांचा कागद दाखवला, आणि नोटिशीवर दोघांनी 'हिशेब जुळला' लिहून सह्या केल्या. अण्णांनी ती नोटीस पावत्यांबरोबर दोऱ्याने बांधून डब्यात ठेवली. उरलेल्या दोन खऱ्या थकबाकीदारांनी आपल्याही नोटिशीवर तसेच लिहून मिळेल का, अशी चौकशी केली. त्यांचा 'नाही' मात्र ओडीने तपासून पाहिला. तो पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत शुद्ध 'नाही' होता.